'पीअरलेस' नावाची दोन जहाजं आणि 'ॲग्री' नावाचं एक क्रियापद

सुरती कापसाच्या १२५ गाठी. प्रत 'मिडलिंग फेअर', जात धोलेरा. भाव पौंडाला सव्वासतरा पेन्स. माल मुंबईहून 'पीअरलेस' जहाजाने इंग्लंडला येणार, घेणाऱ्याने तो धक्क्यावरून उचलायचा आणि माल पोचल्यावर ठरल्या मुदतीत पैसे चुकते करायचे. विकणारे रॅफल्स, घेणारे विखेलहाउस आणि त्यांचे भागीदार, सौदा लिव्हरपूलचा. पुढे भांडण कोर्टात गेलं तेव्हा रॅफल्सच्या दाव्याची सुरुवातच 'इट वॉज ॲग्रीड' अशी झाली. म्हणजे उभय पक्षांत असं असं ठरलं होतं.

ठरलं होतं का, एवढाच तर वाद होता. कारण त्या हंगामात मुंबईहून 'पीअरलेस' नावाची दोन जहाजं सुटली. एक ऑक्टोबरात, दुसरं डिसेंबरात. रॅफल्सच्या गाठी डिसेंबरच्या जहाजात होत्या. विखेलहाउस म्हणाले, आमच्या मनात ऑक्टोबरचं जहाज होतं, हा माल आमचा नव्हे, आम्ही उचलणार नाही.

'रॅफल्स विरुद्ध विखेलहाउस' या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी भेटतो आणि बहुतेकांच्या लक्षात राहतो तो दोन जहाजांच्या गमतीमुळे. मला त्यात रस आहे तो 'ॲग्री' या क्रियापदासाठी. हा शब्द इंग्रजी बोलणारा माणूस दिवसातून दहादा वापरतो. त्याच्या पोटात निदान तीन वेगवेगळ्या घटना दडलेल्या आहेत, आणि त्यांतली कुठली घडली की करार झाला म्हणायचं, यावर दीडशे वर्षं कोर्टं झगडताहेत.

कापूस, युद्ध आणि टपाल

जहाज ऑक्टोबरचं की डिसेंबरचं याने एवढं काय बिघडतं, हे समजायला त्या वर्षांचा बाजार पाहावा लागतो. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस तिथूनच यायचा. गिरण्या बंद पडू लागल्या, कामगारांच्या घरी उपासमार सुरू झाली. गिरणीमालकांची नजर वळली हिंदुस्थानी कापसाकडे. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाला लिव्हरपूलचे दलाल सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो पिकलेला कुठेही असो. धोलेरा हे खंबातच्या आखातावरचं बंदर, त्याच्या नावाने त्यातली एक प्रत ओळखली जायची. आखूड धाग्याचा, पाल्याकचऱ्याने भरलेला हा कापूस कातताना कामगार मेटाकुटीला येत. 'देवा, कापूस पाठव, पण सुरतेचा नको', अशी प्रार्थना तिकडे कुणी केल्याची गोष्ट सांगतात.

मुंबईत मात्र पैशाचा पाऊस पडत होता. कुलाब्याच्या कापूस मैदानावर गाठींच्या थप्प्या लागत होत्या. प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी गब्बर झाले ते याच वर्षांत. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बॅक बेच्या, म्हणजे समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या कंपनीच्या, शेअर्ससकट सगळा डोलारा कोसळला, तो इतिहास मुंबईकरांना ठाऊक आहेच. राजाबाई टॉवर हा त्या पैशाचा आज दिसणारा अवशेष.

आता सौद्याच्या पद्धतीकडे. सुएझ कालवा उघडला १८६९ मध्ये. त्याआधी शिडाचं मालवाहू जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं, मुंबई ते लिव्हरपूल तीन-चार महिने लागायचे. टपाल मात्र आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला आणि पुढे पुन्हा बोटीने, महिनाभराच्या अंतराने इंग्लंडात पोचायचं. थेट तार जोडली गेली ती १८६५ मध्ये. म्हणजे माल अजून आफ्रिकेच्या टोकाला असताना त्याची कागदपत्रं लिव्हरपूलच्या दलालाच्या टेबलावर पडलेली असत. त्यातून 'टू अराइव्ह' पद्धतीचे सौदे निघाले. माल समुद्रात, पण विकून मोकळे.

अशा सौद्यात जहाजाचं नाव म्हणजेच तारीख. ऑक्टोबरात सुटलेलं जहाज हिवाळा सरता सरता लागणार, डिसेंबरातलं वसंतात. मधल्या दोन महिन्यांत युद्धाची एखादी बातमी आली की भाव कुठल्या कुठे जायचा. घेणाऱ्याने कापूस तर घेतलाच होता, पण त्याहून जास्त त्याने ठराविक महिन्याचा भाव घेतला होता. भाव अंगावर येतोय असं दिसल्यावर विखेलहाउसना दुसरं जहाज आठवलं असेल, अशी शंका कुठल्याही व्यापाऱ्याच्या मनात येईल. माझ्याही आली. पण कोर्टापुढे तो प्रश्नच आला नाही, आणि का आला नाही हे पाहण्यासारखं आहे.

सुनावणी, आणि एका ओळीचा निकाल

रॅफल्सच्या वकिलांनी 'डेमरर' नावाचा डाव टाकला. त्याचा अर्थ असा: प्रतिपक्ष म्हणतो ते शब्द न् शब्द खरं धरून चालू, तरीही कायद्याने तो बचाव होत नाही, तेव्हा साक्षीपुरावा घेण्याची गरजच नाही. या डावामुळे कोण खरं बोलतोय हा मुद्दा बाजूला पडला. दोघांच्या मनात खरोखरच दोन वेगळी जहाजं होती, हे गृहीत धरूनच न्यायाधीशांना निर्णय द्यायचा होता. इतकी स्वच्छ स्थिती प्रत्यक्षातल्या खटल्यात क्वचित मिळते. प्रयोगशाळेत मिळावी तशी.

जानेवारी १८६४, कोर्ट ऑफ एक्सचेकर. पीठावर मुख्य न्यायाधीश पोलॉक, सोबत मार्टिन आणि पिगॉट. रॅफल्सचे वकील मिलवर्ड म्हणाले, सौदा कापसाचा आहे, जहाजाचा नव्हे. सांगितलेल्या प्रतीचा, सांगितलेल्या नावाच्या जहाजातून आलेला माल आम्ही पुढे केला. जहाजाचं नाव घातलं ते इतक्यासाठीच की वाटेत ते बुडालं तर करार संपावा.

पोलॉकना हे पटलं नाही. घेणाऱ्याने विशिष्ट जहाजातून येणारा कापूस घेतला होता, असं ते म्हणाले. एका वखारीतला माल घेण्याचं ठरलं असताना दुसऱ्या वखारीतला तसाच माल देऊन करार पुरा होतो का? मिलवर्डनी उत्तर दिलं, तिथे दोन्ही वखारींत माल असतो, इथे आमचा माल दुसऱ्या जहाजात होता असं कुठे दिसतंय? मार्टिन मध्येच म्हणाले, तुम्ही त्याच्यावर त्याने न केलेला करार लादताय. पोलॉकनी आणखी एक उदाहरण दिलं. फ्रान्समधल्या किंवा स्पेनमधल्या अमुक मळ्याची वाइन घेतली आणि त्या नावाचे मळे दोन निघाले, तर?

मग विखेलहाउसचे वकील मेलिश उठले. त्यांचा युक्तिवाद अगदी थोडक्यात. कागदावर पाहिलं तर काहीच संदिग्ध नाही. पण 'पीअरलेस' दोन आहेत हे कळलं त्या क्षणी कागदातली छुपी संदिग्धता उघडी पडते, आणि कुणाच्या मनात कुठलं जहाज होतं याचा तोंडी पुरावा देता येतो. विकणाऱ्याच्या मनात एक आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरं असेल तर 'कन्सेन्सस ॲड इडेम' झालाच नाही, एकाच गोष्टीवर मनं जुळली नाहीत, म्हणून करारही नाही. पुढचं बोलायच्या आत कोर्टाने त्यांना थांबवलं. वकिलाला असं थांबवतात तेव्हा त्याचं पारडं जड झालेलं असतं.

निकाल: प्रतिवादींच्या बाजूने. बस. कारणं दिलीच नाहीत. एका वाक्याच्या या निकालावर पुढे पिढ्यान् पिढ्या ग्रंथ लिहिले गेले, त्याचं श्रेय त्या न दिलेल्या कारणांना आहे.

मन, तोंड आणि कान

इंग्रजीत या क्रियापदाला जे अव्यय लागतं त्यावर त्याचा अर्थ फिरतो. 'ॲग्री विथ' म्हणजे मताशी सहमत असणं. 'ॲग्री टू' म्हणजे समोरून आलेल्या प्रस्तावाला होकार देणं. 'ॲग्री ऑन' किंवा 'अपॉन' म्हणजे दोघांनी मिळून काही ठरवणं. 'ॲग्री दॅट' म्हणजे वादात समोरच्याचा मुद्दा मान्य करणं. हिशेब जुळला तरी 'ॲग्री', कर्त्याप्रमाणे क्रियापद चाललं तरी 'ॲग्री', आणि वांगं बाधत असेल तर ते आपल्याशी 'ॲग्री' होत नाही. मुळात हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन 'ग्राटुस', म्हणजे आवडतं, सुखावणारं. मूळ अर्थ एका माणसाची पसंती एवढाच. दुसऱ्या माणसाशी मन जुळण्याची अट त्यात नंतर शिरली.

व्याकरणाच्या पुस्तकात हे अर्थ शेजारी शेजारी सुखाने नांदतात. वखारीत आणि धक्क्यावर त्यांची टक्कर होते. घेणारा-विकणारा या दोघांनी 'पीअरलेस' हा एकच शब्द उच्चारला, तेव्हा तोंडाने ते नक्कीच 'ॲग्री' झाले. मनाने झाले नाहीत. मग कुठलं 'ॲग्री' धरायचं?

मेलिशचं उत्तर: मनाचं. अनेक वर्षं हा खटला तसाच शिकवला गेला. १८८१ मध्ये अमेरिकेत कायदेपंडित ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ते उलटं फिरवलं. ते म्हणाले, दोघांच्या मनात वेगळं होतं म्हणून निकाल तसा लागला नाही, दोघे वेगळं *बोलले* म्हणून लागला. विशेषनाम एकाच वस्तूकडे बोट दाखवतं. घेणारा 'पीअरलेस' म्हणाला तेव्हा त्याने एका जहाजाचं नाव घेतलं, विकणाऱ्याने दुसऱ्याचं. उच्चार एक, शब्द दोन. कायद्याला लोकांच्या मनात डोकावण्याचं कारण नाही, त्याने बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर जावं, हा त्यांचा आग्रह.

होम्सचा युक्तिवाद हुशार आहे, पण त्यात पाणी मुरतंय. उच्चार एकच असताना शब्द दोन होते हे कशावरून कळलं? बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारल्याखेरीज नाहीच. दार बंद केलं म्हणायचं आणि खिडकीतून आत शिरायचं, असा तो प्रकार. माझ्या मते खटल्याचा खरा धडा याहून साधा आहे. मन बाजूला ठेवून कोर्ट बाहेरच्या खुणांवर जायला तयार असतं, पण इथे खूणच नव्हती. कागदावरून दोन्ही जहाजं सारख्याच तोडीने 'पीअरलेस' ठरत होती, तिसरा शहाणा माणूस आणला असता तरी त्याला निवड करता आली नसती. एखादी खूण सापडली असती तर आतलं मन हरलं असतं.

आणि खूण घालता आली असती. कायद्याचे इतिहासकार ब्रायन सिम्पसन यांनी १९८९ मध्ये या व्यवहाराच्या जुन्या कागदपत्रांचा मागोवा घेतला, तेव्हा त्या काळात 'पीअरलेस' हे नाव किती जहाजांना होतं तेही दिसलं. दोन तर सोडाच. समुद्रावरच्या माणसांना यात नवल नव्हतं. एकाच नावाची जहाजं असली की कप्तानाचं नाव जोडून ती ओळखायचा रिवाज होता. सौदा करणाऱ्यांनी तेवढं एक नाव लिहिलं नाही.

बाहेरची खूण मनावर मात करते याचा दाखला लगेच पुढे, १८७१ मध्ये आला. 'स्मिथ विरुद्ध ह्यूज'. शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्याला हवे होते जुने ओट, शेतकऱ्याने नमुना दाखवला तो नव्या ओटचा. नमुना पाहून घोडेवाल्याने माल घेतला, मग कळल्यावर परत करायला निघाला. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी सूत्र घालून दिलं ते असं: माणसाच्या मनात काहीही असो, त्याच्या वागण्यावरून कुणाही शहाण्याला वाटलं की हा अटी मान्य करतोय, आणि त्या भरवशावर समोरच्याने करार केला, तर तो मनापासून मान्य केल्याइतकाच बांधला जातो. इंग्लंडात आज मुख्यतः याच वाटेने जातात. 'पीअरलेस' म्हणजे त्या वाटेवरचा अपवाद.

१८७२: कलम १३

पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात करार कायदा आला. त्याच्या कलम १३ ने 'ॲग्री' शब्द वापरून संमतीची जी व्याख्या केली ती वाचताना मला नेहमी मेलिश आठवतात. दोन किंवा अधिक माणसं 'एकाच गोष्टीवर, एकाच अर्थाने' ॲग्री होतात तेव्हा त्यांनी संमती दिली असं म्हणायचं. एकाच गोष्टीवर म्हणून भागलं नाही, एकाच अर्थाने हेही लिहिलं. 'पीअरलेस' हा एक शब्द आणि दोन अर्थ, ही खोच त्या दोन शब्दांत नेमकी पकडली आहे.

या कायद्याची उदाहरणं मुंबईकरांनी मुद्दाम वाचावीत. कलम २० मध्ये, दोन्ही बाजू महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चुकीच्या समजुतीत असतील तर व्यवहार शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालाच नाही, हे सांगताना दिलेलं पहिलं उदाहरण इंग्लंडहून मुंबईला निघालेल्या मालाचं आहे. विक्री ठरते, आणि जहाज त्याआधीच बुडालेलं असतं. कलम २९ संदिग्ध कराराबद्दल. 'शंभर टन तेल' एवढंच ठरलं आणि कुठलं तेल ते कळायला मार्ग नसेल तर करार शून्य. पण विकणारा फक्त खोबरेल विकत असेल तर? मग त्याच्या धंद्यावरूनच अर्थ कळतो, करार पक्का. ही झाली बाहेरची खूण.

त्याच वर्षीच्या पुरावा कायद्यात (आता त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे) याहून मजेदार उदाहरण होतं. कलम ९६. अ ने ब सोबत 'हैदराबाद'ला जायचं कबूल केलं. दख्खनचं हैदराबाद की सिंधचं, हे दाखवणारा पुरावा देता येईल. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणजे दोन्ही हैदराबादं आपल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातली. मुंबईच्या कचेरीत नुसतं 'हैदराबादला जाऊ' म्हटलं असतं तर खरोखरच गोंधळ उडाला असता.

एक योगायोग. मेलिशना थांबवून कारणं न देणारे मुख्य न्यायाधीश पोलॉक, त्यांचे नातू सर फ्रेडरिक पोलॉक कायद्याचे मोठे पंडित झाले. या भारतीय करार कायद्यावर त्यांनी १९०५ मध्ये भाष्य प्रसिद्ध केलं ते मुंबईचे कायदेपंडित दिनशा मुल्ला यांच्याबरोबर. आजोबांनी जे सांगितलं नाही ते नातवाला कलमवार समजावून द्यावं लागलं.

मराठी दस्त लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे. कुठलंही खरेदीखत उघडा. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने', 'कोणाच्याही दडपणाशिवाय', 'वाचून पाहिले, समजून घेतले', 'मान्य व कबूल आहे'. शहरात या भाषेची थट्टा होते. पण नीट पाहिलं तर त्यात मनाची संमती वेगळी, समज वेगळी आणि तोंडाचा होकार वेगळा असा एकेक टप्पा नोंदवला आहे. मान्य आणि कबूल ही जोडी उगीच आलेली नाही. आणि जमिनीचं वर्णन? गावात एकाच माणसाचे दोन तुकडे असतात, एकत्रीकरणानंतर जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला असतो, बोलताना कुणी जुना सांगतो, कुणी नवा. म्हणून दस्तात चतुःसीमा येतात. पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमुकाचा गट. 'पीअरलेस'च्या सौद्यात कुणी चतुःसीमा घातल्या नव्हत्या, एवढंच.

'ॲग्री'चा आणखी एक पैलू याच कचेरीत रोज भेटतो. 'ॲग्री टू सेल' म्हणजे विकणं नव्हे, विकायचं कबूल करणं. साठेखत आणि खरेदीखत यांतला हा फरक. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्टच सांगतो की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. विसार देऊन, साठेखत करून घर आपलं झालं असं समजणारे लोक आजही कमी नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला कारकूनच त्यांना जागेवर आणतो.

अंगठा

हे सगळं जुन्या जहाजांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. मार्च २०२१ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने ८६ टन जवसाचा करार लिहिला, सही केली, त्याचा फोटो काढून एका शेतकऱ्याला फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं: जवसाचा करार कन्फर्म करा. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. भाव ठरला होता बुशेलला (हे तिकडचं धान्याचं माप) १७ डॉलर. नोव्हेंबर आला तेव्हा बाजारभाव ४१ डॉलरवर गेला होता आणि जवस काही आलं नाही.

शेतकरी म्हणाला, अंगठ्याचा अर्थ 'मिळालं' एवढाच. कंपनी म्हणाली, 'मान्य'. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद रोज घडू शकतो. सचिव पाणीपट्टी वाढवल्याची नोटीस टाकतो, खाली बारा अंगठे येतात, आणि सभेत बाराही जण म्हणतात, आम्ही फक्त वाचलं म्हणून कळवलं होतं.

कोर्टाने पाहिल्या त्या मागच्या खुणा. याआधीच्या सौद्यांत याच कंपनीला याच शेतकऱ्याने 'ओके', 'यप', 'लुक्स गुड' असे त्रोटक निरोप पाठवले होते आणि दर वेळी माल घातला होता. तेव्हा अंगठाही त्याच जातीचा. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. २०२४ च्या डिसेंबरात अपिलातही बहुमताने तेच कायम राहिलं. ब्लॅकबर्नच्या सूत्राचं हे सरळ उपयोजन. दोन अर्थ निघत होते हे खरं, पण पूर्वीच्या व्यवहाराने एका अर्थाकडे पारडं झुकवलं, म्हणून 'पीअरलेस'सारखी कोंडी इथे झाली नाही. मला हा निकाल पटतो. पण ज्याच्याशी पूर्वी कधी व्यवहार झालेला नाही अशा अनोळखी माणसाने पाठवलेल्या अंगठ्याला तो जशाच्या तसा लावू नये.

खामगाव ते अहमदाबाद

मन झालं, तोंड झालं. उरला कान. त्याचा भारतातला सगळ्यात महत्त्वाचा खटला योगायोगाने पुन्हा कपाशीचाच आहे आणि तो विदर्भातून निघाला.

२२ जुलै १९५९. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरी आणि तेलगिरणीशी फोनवरून सरकी पेंडेचा सौदा केला. ट्रंक कॉलचे दिवस. अहमदाबादहून प्रस्ताव, खामगावहून होकार. पेंड वेळेत आली नाही म्हणून अहमदाबादकरांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला. खामगावकरांची हरकत: होकार आम्ही आमच्या कचेरीत बसून दिला, करार खामगावात झाला, तर अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय?

घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथे. होकार देणाऱ्याने 'हो' म्हटलं ते खामगावात. समोरच्याने ते ऐकलं अहमदाबादेत. 'ॲग्री' होण्याची घटना घडली कुठे?

टपालाचा नियम जुना होता. करार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे होकाराचं पत्र पेटीत पडून लिहिणाऱ्याच्या हाताबाहेर गेलं की प्रस्ताव करणारा बांधला जातो. फोनला तेच लावायचं का? इंग्लंडात १९५५ मध्ये 'एन्टोरेस' खटल्यात टेलेक्सबद्दल, म्हणजे तारेवरून टाइप होऊन येणाऱ्या निरोपाबद्दल, न्यायमूर्ती डेनिंग यांनी एक चित्र रंगवलं होतं. नदीच्या एका काठावरून माणूस ओरडून प्रस्ताव देतो, पलीकडचा होकार ओरडतो, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान जातं. होकार ऐकूच आला नाही. डेनिंगच्या मते करार झाला नाही. पलीकडच्याने पुन्हा ओरडून सांगितलं आणि ते ऐकू आलं, की झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६५ मध्ये निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती शहा यांचं. करार कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही टेलिफोन नव्हता, तेव्हा पत्राचा नियम त्याला ताणून लावू नये, समोरासमोर बोलल्यासारखंच फोनवरचं बोलणं धरावं आणि होकार ऐकला गेला तिथे करार झाला असं मानावं. म्हणजे अहमदाबाद.

तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. वकिली नागपूरची, नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. त्यांनी वेगळं मत लिहिलं. कलम ४ चे शब्द पाहा, असं त्यांचं म्हणणं. होकार देणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेला की प्रस्तावकर्ता बांधला जातो, असं कायदा म्हणतो. तोंडातून निघालेला शब्द त्या क्षणी ताब्याबाहेर जातोच, मग तो तारेतून जावो की पत्रातून. इंग्लंडने काय ठरवलं याला आपल्या लिखित कायद्यापुढे महत्त्व नाही. त्यांच्या हिशेबाने करार खामगावात झाला.

शब्दशः वाचलं तर हिदायतुल्ला बरोबर वाटतात, व्यवहार पाहिला तर शहा. फोनवर 'हो' म्हटलं आणि लाइन कापली गेली तर कुणी व्यापारी पेंडेचे ट्रक भरायला घेणार नाही, आधी पुन्हा नंबर फिरवील. दोन विरुद्ध एक असं बहुमत झालं, आणि दावा अहमदाबादेतच चालवायचा ठरला.